नक्कल फाटली, सनद बिघडली : लिनक्सच्या मेमरीतील अकरा वर्षांची फट

थ्रेड 🧵

१/
२०१६ साल. फिल ओस्टर यांच्या देखरेखीखालील एका संकेतस्थळावर घुसखोरी झाली. घुसखोराने एक छोटासा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला, चालवला आणि साध्या वापरकर्त्याच्या पायरीवरून तो थेट 'रूट'च्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या गादीवर जाऊन बसला. अशा घुसखोऱ्या रोज होतात आणि विसरल्या जातात. ही विसरली गेली नाही, कारण सर्व्हरकडे येणारी सगळी एचटीटीपी वाहतूक जशीच्या तशी साठवून ठेवण्याचा शिरस्ता ओस्टर यांनी काही वर्षांपूर्वीच पाडला होता.

२/
त्या साठ्यातून त्यांनी घुसखोराचे हत्यार शोधून काढले, बंदिस्त यंत्रावर चालवून पाहिले आणि लिनक्स कर्नलच्या कर्त्यांना कळवले. हत्याराने जिच्यातून वाट काढली ती फट कर्नलच्या मेमरी-व्यवस्थापनात होती. ती नवी नव्हती आणि अज्ञातही नव्हती. खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती अकरा वर्षांपूर्वी पाहिली होती, बुजवलीही होती. मग ती पुन्हा उघडली कशी आणि इतकी वर्षे उघडी राहिली कशी, याची ही हकिकत.

३/
फट समजून घेण्यासाठी दप्तरखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दप्तरात मूळ सनद एकच असते. वाचायला दहा जण आले तरी कारकून तीच सनद दहांना दाखवतो. पण एखाद्याला तिच्यावर काही लिहायचे असेल, तर कारकून मूळ कागद पुढे करत नाही. तो आधी नक्कल उतरवतो आणि ती हाती देऊन म्हणतो, "यावर हवे ते लिहा." मूळ सनद अबाधित राहते.

संगणकाच्या मेमरीत नेमका हाच व्यवहार चालतो. त्याला 'कॉपी-ऑन-राइट' म्हणतात. लिहिण्याची वेळ येईपर्यंत नक्कल करायची नाही आणि वेळ आली की केल्याशिवाय राहायचे नाही.

४/
ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील बीबीएन कंपनीने पीडीपी-१० संगणकासाठी रचलेल्या 'टेनेक्स' प्रणालीत ती होती आणि १९७२ मध्ये टेनेक्सच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिचे वर्णन आले. (त्या चार लेखकांपैकी एक रे टॉमलिन्सन. ईमेलच्या पत्त्यातील 'अ‍ॅट'चे चिन्ह रूढ करणारे तेच.) मेमरी तेव्हा सोन्याच्या मोलाची होती. एकच पान दहा ठिकाणी दाखवून भागत असेल, तर दहा नकला कोण करील? लिनक्समध्येही ही युक्ती अगदी आरंभापासून आहे.

५/
प्रत्यक्षात हे असे घडते. मेमरी बहुधा ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते. प्रत्येक प्रोग्रामसाठी कर्नल पानांचा एक तक्ता ठेवतो. कोणते पान कुठे आहे आणि त्यावर लिहिण्याची मुभा आहे की नाही, हे त्या तक्त्यात नोंदलेले असते. मुभा नसलेल्या पानावर लिहू गेल्यास प्रोसेसर थांबतो आणि कर्नलला हाक मारतो. कर्नल नक्कल उतरवतो, तक्त्यातील नोंद बदलतो आणि काम पुढे सुरू होते.

याच नोंदीत आणखी एक लहानशी खूण असते. पानावर काही लिहिले गेले की ती उमटते. तिला 'डर्टी' खूण म्हणतात; पान मळले आहे, ते केव्हातरी डिस्कवर उतरवावे लागेल, असा तिचा अर्थ. पुढच्या हकिकतीत या 'मळा'ला फार महत्त्व आहे.

६/
कारकून एकच असेल तोवर हे सारे सुरळीत चालते. दोन कारकून एकाच वेळी एकाच दप्तरात हात घालू लागले की प्रश्न उभा राहतो. पहिल्याने तपासले, दुसऱ्याने बदलले, पहिल्याने जुन्या तपासणीच्या भरवशावर काम उरकले. या घोटाळ्यालाच 'रेस कंडिशन' म्हणतात. दोन क्रियांपैकी कोणती आधी पोचते यावर निकाल ठरतो, आणि आधी कोण पोचेल हे कोणाच्याच हाती नसते.

डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच, अनेक संगणक एका सामाईक मेमरीवर काम करत असताना एका वेळी एकालाच नाजूक भागात प्रवेश कसा द्यावा, याचे उत्तर एका अगदी छोट्या लेखात मांडले होते. तेव्हा प्रश्न माहीत होता, उत्तरही माहीत होते. राहिले होते ते प्रत्येक ठिकाणी न चुकता ते उत्तर लावणे.

७/
१९९१ मध्ये हेलसिंकीत जन्मलेला लिनक्स एका प्रोसेसरच्या ३८६ यंत्रासाठी होता. जून १९९६ च्या २.० आवृत्तीने अनेक प्रोसेसरांची यंत्रे चालवण्यास आरंभ केला. अ‍ॅलन कॉक्स यांनी त्या कामाचा पाया घातला होता. उपाय सरळ होता : साऱ्या कर्नलला मिळून एकच मोठे कुलूप. एक प्रोसेसर कर्नलच्या आत असला की बाकीच्यांनी दाराशी थांबायचे. सुरक्षित, पण संथ. वाड्यात दालने वीस आणि किल्ली एकच, अशी अवस्था.

पुढची पंधरा वर्षे हे कुलूप फोडून त्याची शेकडो लहान कुलुपे करण्यात गेली. मे २०११ मध्ये आलेल्या २.६.३९ आवृत्तीत ते मोठे कुलूप अखेर नाहीसे झाले. ही आवृत्ती लक्षात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे.

८/
आता मूळ घटनास्थळ. कर्नलमध्ये 'गेट-यूजर-पेजेस' नावाचे एक कार्य आहे. एखाद्या प्रोग्रामच्या मेमरीत कर्नलला स्वतः हात घालायचा असतो तेव्हा ते वापरले जाते. दोष शोधण्याची साधने, म्हणजे डीबगर, त्यावरच चालतात. डीबगरला कधीकधी केवळ वाचनासाठी असलेल्या पानावरही लिहावे लागते. त्यासाठी एक 'सक्ती'ची सोय आहे. मात्र सक्ती केली तरी लिहायचे ते खाजगी नकलेवर. मूळ फाइलला धक्का लागू नये, हा दंडक.

हे कार्य फेऱ्याफेऱ्यांनी चालते. पान मागायचे, हवे तसे मिळाले नाही तर नक्कल करवून घ्यायची, मग पुन्हा पहिल्यापासून मागायचे. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक क्षण मोकळा राहतो. सगळी कथा त्या क्षणात घडते.

९/
ऑगस्ट २००५ च्या आरंभी टॉरवाल्ड्स यांच्या ध्यानात आले, की दुसऱ्या फेरीत हे कार्य 'मला लिहायचे आहे' ही मूळ मागणी सोडून देते आणि 'वाचायला मिळाले तरी चालेल' असे म्हणते. मधल्या क्षणात दुसऱ्या धाग्याने तक्ता बदलला असेल, तर नक्कल न झालेल्या पानावरच लिहिले जाईल. (धागा म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा कामाचा प्रवाह, समाजमाध्यमांवरचा हा धागा नव्हे.)

त्यांचा इलाज सुटसुटीत होता. लिहिण्याची मागणी शेवटपर्यंत लिहिण्याचीच राहील आणि पान 'मळलेले' दिसेपर्यंत ते स्वीकारायचे नाही. मळलेले आहे, म्हणजे नक्कल होऊन गेली आहे.

१०/
त्या उन्हाळ्याचे आणखी एक महत्त्व आहे. मे २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ बाजारात आले. एकाच चिपवर दोन प्रोसेसर असलेले संगणक आता घरच्या मेजावर बसू लागले होते. तोवर खरी समांतरता ही महागड्या सर्व्हरांची चैन होती. दोन धागे एकाच वेळी एका पानाशी झोंबण्याचा प्रसंग साध्या संगणकावर पुस्तकातच सापडायचा. ज्या वर्षी तो पुस्तकाबाहेर पडला, त्याच वर्षी ही फट बुजवली गेली.

आणि काही दिवसांतच पुन्हा उघडली.

११/
अडथळा आला तो आयबीएमच्या महायंत्रांकडून. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० मध्ये मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एक संरक्षक 'किल्ली' जोडलेली असे. पुढे सिस्टिम/३७० मध्ये तुकडा वापरला गेला का, बदलला गेला का, या खुणाही त्याच किल्लीत आल्या. म्हणजे या घराण्यात 'मळ'ाची नोंद पानांच्या तक्त्यात नसून प्रत्यक्ष मेमरीला लटकवलेल्या किल्लीत होती. वंशज असलेल्या एस/३९० ने तीच रीत चालू ठेवली आणि लिनक्स या यंत्रांवरही चालत होता.

परिणाम असा, की तिथे तक्त्याला "पान मळले आहे का?" असे विचारले की उत्तर नेहमी "नाही." टॉरवाल्ड्स यांचा इलाज मळलेल्या पानाची वाट पाहत फेऱ्या मारत राहणारा. एस/३९० वर ती वाट कधीच संपणारी नव्हती. चार दशकांपूर्वीचा एक आराखडा असा अचानक आडवा आला.

१२/
त्यामुळे त्याच आठवड्यात तो इलाज मागे घेतला गेला आणि दुसरी तडजोड आली. नक्कल उतरवून झाली की आतील यंत्रणेने "माझे काम झाले" असा निरोप द्यायचा. निरोप मिळाला की वरच्या कार्याने लिहिण्याच्या मुभेची तपासणी सोडून द्यायची.

निरोप खरा होता, पण तो एका क्षणापुरता खरा होता. नक्कल *झाली*, एवढेच तो सांगत होता. नक्कल अजून *आहे* का, हे कोणी विचारत नव्हते.

१३/
दप्तरखान्यात परत गेल्यास घोटाळा स्पष्ट दिसतो. कारकुनाने नक्कल उतरवली, मेजावर ठेवली आणि वहीत शेरा मारला : 'नक्कल दिली, आता परवानगी विचारण्याचे कारण नाही.' तो वळतो न वळतो तोच दुसऱ्या दाराने आलेल्याने ती नक्कल फाडून टाकली. कारकून परत आला. मेज रिकामे. शेऱ्याप्रमाणे परवानगीचा प्रश्न निकालात निघालेला. त्याने सरळ मूळ सनद काढून पुढे ठेवली.

आणि लेखणी तिच्यावर चालली.

१४/
नक्कल फाडण्याचे कायदेशीर साधन कर्नलनेच दिलेले आहे. 'एमअ‍ॅडव्हाइज' या हाकेने प्रोग्राम कर्नलला सांगू शकतो, की अमुक पाने मला आता नकोत. कर्नल ती टाकून देतो. पुढे गरज पडली तर मूळ फाइलमधून पुन्हा आणतो. हाक निरुपद्रवी आहे, कोणीही मारू शकतो.

२००५ मध्ये ही हाक मारणाऱ्याला प्रोग्रामच्या मेमरीचे कुलूप *एकट्यासाठी* घ्यावे लागे. 'गेट-यूजर-पेजेस' आत असताना 'एमअ‍ॅडव्हाइज' बाहेर थांबे. म्हणून त्या वेळी ही शर्यत जवळजवळ कागदावरचीच होती, आणि तसे मानणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

१५/
कलाटणी २००७ मध्ये मिळाली. बहुधागी प्रोग्राम एकाच कुलपाशी ताटकळत होते, म्हणून २.६.२२ आवृत्तीत 'एमअ‍ॅडव्हाइज'च्या काही प्रकारांना *सामाईक* प्रवेश देण्यात आला. जे केवळ पाने टाकतात आणि तक्त्याची एकंदर मांडणी बदलत नाहीत, त्यांनी इतरांना अडवू नये, हा विचार स्वतःपुरता निर्दोष होता. पण त्यामुळे नक्कल उतरवणारा आणि नक्कल फाडणारा पहिल्यांदाच एकाच वेळी खोलीत येऊ शकले. हा दोष २.६.२२ पासून असल्याचे मानले जाते, ते याच्याशी नीट जुळते.

२००५ ची तडजोड तिच्या काळात पुरेशी होती, २००७ ची सुधारणा तिच्या हेतूत योग्य होती. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा फट तयार झाली. एकाही ओळीवर बोट ठेवून 'चूक ही' असे म्हणता येत नाही. मेमरी-व्यवस्थापनातील बहुतेक शर्यतींची जातकुळी हीच.

१६/
मग आली ती २.६.३९. मोठे कुलूप गेले त्याच आवृत्तीत, प्रोग्रामला स्वतःची मेमरी फाइलप्रमाणे उघडून तिच्यावर लिहिण्याची सोय मोकळी झाली. ही सोय आतून सक्तीच्या लेखनाचाच मार्ग वापरते. आता हत्यार चालवायला डीबगरचे सोंगही आणावे लागत नव्हते. (जुन्या आवृत्त्यांवर ते सोंग आणूनही काम साधत असे.)

२०१३ च्या ३.९ आवृत्तीत तर मूळ अडथळाच दूर झाला. मार्टिन श्विडेफ्स्की यांच्या बदलानंतर एस/३९० मध्येही मळाची नोंद तक्त्यात होऊ लागली. २००५ चा इलाज त्या दिवसापासून पुन्हा लावता आला असता. पण हा बदल वेगळ्याच कारणासाठी झाला होता, आणि आठ वर्षांपूर्वी या एका गोष्टीपायी काय सोडून द्यावे लागले होते, याची सांगड कोणी घातली नाही.

१७/
इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल. साधने नव्हती असे मुळीच नाही. कर्नलचे बदल नोंदणारी 'गिट' ही प्रणाली टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्येच सुरू केली होती. ऑगस्टमधील दोन्ही बदल, त्यांच्या कारणांसह, तीत तारीखवार नोंदलेले आहेत. कोणीही ते काढून वाचू शकत होता. दप्तर पूर्ण होते, त्यात शोधायला कोणी गेले नव्हते. 'उद्या अडथळा दूर झाला तर इथे परत यावे' अशी आठवण करून देणारी जागा त्यात नव्हती.

१८/
तोवर यंत्रे बदलली होती. चार, आठ, सोळा प्रोसेसर ही साधी बाब झाली होती. खिशातल्या फोनमध्येही ते आले. पुढे प्रात्यक्षिकासाठी प्रसृत झालेला प्रोग्राम पाहिला तर त्याचा साधेपणा धक्का देतो. दोन धागे. एक सतत 'ही पाने नकोत' म्हणतो, दुसरा सतत लिहू पाहतो. दोघेही १० कोटी वेळा. दोन फेऱ्यांमधला तो मोकळा क्षण अतिसूक्ष्म असला, तरी १० कोटी प्रयत्नांत एकदा साधला की पुरे. हल्लेखोराला शर्यत प्रत्येक वेळी जिंकावी लागत नाही.

आणि एकदा साधले की काय होते? केवळ वाचनासाठी असलेली फाइल बदलते. उदाहरणार्थ, वापरकर्त्यांची यादी. किंवा रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्राम. परवानग्यांची सगळी तटबंदी जागच्या जागी उभी असते आणि आतला मजकूर बदललेला असतो.

१९/
ऑक्टोबर २०१६ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी नवा इलाज लिहिला. सोबतच्या टिपणात त्यांनी आडपडदा ठेवला नाही : दोष प्राचीन आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच तो वाईट रीतीने दुरुस्त करू पाहिला होता, आणि तेव्हा निव्वळ तात्त्विक असलेली शर्यत आता सहज घडू शकते. आता लिहिण्याची मागणी कधीच सोडायची नव्हती. 'नक्कल झाली आहे' यासाठी स्वतंत्र खूण आली, आणि ती अजून खरी आहे का हे पानाच्या मळावरून दर वेळी ताडून पाहायचे ठरले. २० ऑक्टोबरला दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या.

दोषाला सीव्हीई-२०१६-५१९५ हा क्रमांक मिळाला. कॉपी-ऑन-राइटची आद्याक्षरे आणि मळाची खूण यांतून 'डर्टी काऊ' हे नाव आले, आणि गाईचे बोधचिन्हही झाले. दोषांचीही जाहिरात करण्याच्या तेव्हाच्या हौसेची त्यात थट्टा होती.

२०/
नाव गमतीचे, परिणाम तसा नव्हता. अँड्रॉइड हा लिनक्सवरच उभा आहे, आणि फोनपर्यंत दुरुस्ती पोचायला महिने लागतात; अनेकांपर्यंत ती पोचतच नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी 'झेडएनआययू' नावाचे मालवेअर उघडकीस आणले. डर्टी काऊचा वापर करणारे अँड्रॉइडवरचे ते पहिले मालवेअर. ४० हून अधिक देशांत त्याचा शिरकाव आढळला, आणि बळी पडलेल्यांत बहुसंख्य चीन व भारतातील होते. दुरुस्ती होऊन तेव्हा जवळजवळ एक वर्ष झाले होते.

२१/
फट पुरती मिटली असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'बिंडेसी' या गटाने दाखवून दिले, की २ मेगाबाइटच्या मोठ्या पानांच्या बाबतीत कर्नलच एका ठिकाणी प्रत्यक्ष लेखन न होताच पानावर मळाची खूण उमटवतो. नवा इलाज तर मळावरच विसंबलेला. 'मळले आहे, म्हणजे नक्कल झाली आहे' हे समीकरण तिथे खोटे ठरले आणि दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली.

२०२२ मध्ये तेच समीकरण आणखी एका बाजूने कोसळले. ५.१६ आवृत्तीतील एका बदलामुळे सामाईक मेमरीची काही पाने आधीच मळलेली म्हणून नोंदली जात होती. या वेळी डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी मळाचा पुरावा मानण्याची पद्धतच काढून टाकली. २०१६ ची ती स्वतंत्र खूणही गेली. आता कर्नल पानालाच विचारतो, की तू या एकट्या प्रोग्रामच्या मालकीची नक्कल आहेस का. हा बदल त्याच वर्षी ६.० आवृत्तीत आला.